इटास्का: राखलेलं रान

मिसिसिपी नदी पायी ओलांडायची असेल, तर मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला इटास्का सरोवरावर जावं. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे जत्रेसारखी गर्दी असते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले आजोबा, चपला हातात घेतलेल्या आया आणि केव्हाच चिंब झालेली पोरं सरोवराच्या तोंडाशी मांडलेल्या गोल दगडांवरून तोल सावरत पलीकडे जातात. पाणी जेमतेम गुडघाभर. पाय घसरला तर रडण्यापेक्षा हसणंच जास्त. इथून निघालेली ही नदी आधी चक्क उत्तरेला जाते, मग मोठं वळण घेऊन दक्षिणेला लागते आणि सुमारे ३,७०० किलोमीटरवर मेक्सिकोच्या आखाताला मिळते. उगमापाशी देऊळ नाही, कुंड नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची १,४७५ फूट असल्याचं सांगणारा एक लाकडी ओंडका तेवढा उभा आहे, आणि त्याच्याशेजारी फोटोसाठी रांग.

हा उगम मात्र जसाच्या तसा निसर्गाने दिलेला नाही. मुळात इथे दलदल होती. १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात, सरकारी योजनेतून कामाला लावलेल्या बेकार तरुणांनी ती बुजवली, नवा पाट खोदला आणि सरोवराच्या तोंडाशी दगडांचा बांध घातला. पाहुण्यांना नदीचा आरंभ नीट दिसावा, एवढाच हेतू. इथल्या राज्य उद्यानातल्या ओंडक्यांच्या काही देखण्या इमारतीही याच मुलांच्या हातच्या.

उगमावरून वादही झाले. १८३२मध्ये ओझाविंडिब या ओजिब्वे जमातीच्या प्रमुखाने नदीचा उगम शोधणाऱ्या हेन्री स्कूलक्राफ्टला इथवर आणलं. १८८१मध्ये विलार्ड ग्लेझियर नावाच्या गृहस्थाने शेजारचंच दुसरं तळं खरा उगम असल्याचा डांगोरा पिटला. वाद मिटवायला राज्याच्या इतिहास संस्थेने जेकब ब्राउअर या सर्वेक्षकाला पाठवलं. त्याने मोजणी तर केलीच, पण आजूबाजूचे प्रचंड पाइन वृक्ष लाकूड कंपन्यांच्या कुऱ्हाडीखाली जाणार हेही त्याला कळून चुकलं. त्याच्या खटपटीमुळे २० एप्रिल १८९१ रोजी, अवघ्या एका मताच्या फरकाने, उद्यानाचा कायदा मंजूर झाला. मिनेसोटातलं हे सर्वांत जुनं राज्य उद्यान.

कायदा झाला तरी आतली बरीच जमीन खासगीच राहिली. १९०३मध्ये लाकूडवाल्यांनी ओंडके वाहून नेण्यासाठी नदीवर धरण घालून पाणी तुंबवलं, तेव्हा काठची झाडं बुडू लागली. वडिलांच्या मृत्यूनंतर उद्यानाच्या आयुक्तपदी नेमलेली मेरी गिब्ज तेव्हा २४ वर्षांची होती. ती दरवाजे उघडायला थेट धरणावर गेली. दरवाजाला हात लावशील तर गोळी घालू, अशी धमकी मिळाली. तिने हात लावला. पुढे कोर्टकचेऱ्यांत कंपनीचीच सरशी झाली आणि मेरीचं पदही लवकरच गेलं. तरी आज उगमाजवळचं माहिती केंद्र तिच्याच नावाने ओळखलं जातं.

पुढे कुऱ्हाड थांबली तरी जंगल आपोआप वाढलं नाही. शिकारबंदीमुळे हरणं इतकी माजली की पाइनचं कोवळं रोप शिल्लक राहीना, म्हणून शिकारीला पुन्हा परवानगी द्यावी लागली. लाल पाइनच्या बीला रुजायला उघडी माती लागते आणि ती मिळते वणव्यानंतर. वणवे विझवण्याच्या उत्साहात ते रुजणंही थांबलं होतं. आता जाणूनबुजून, आटोक्यात आग लावली जाते. पायवाटेवरून जाताना काही रोपट्यांच्या शेंड्याला कागदाची इवली टोपी दिसेल. हिवाळ्यात हरणांनी वरचा कोंब खाऊ नये म्हणून तो कागद स्टेपल केलेला असतो. प्रीचर्स ग्रोव्ह या राईतल्या अडीचशे वर्षांच्या लाल पाइनखाली मान वर करून उभं राहिल्यावर या टोपीचं मोल कळतं.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी उगमावरूनच परत फिरू नये. भाड्याच्या सायकली मिळतात. सरोवरालगतची सायकलवाट झाडीतून जाते आणि चढउतारांवर लहानग्यांचा दम काढते. कनू ही छोटी होडी घेऊन वल्हवत निघालं, तर लून पक्ष्याची हाक ऐकू येते. एटन हाइट्सच्या शंभर फुटी टेहळणी मनोऱ्यावर चढणं धीटांसाठी. वरून तळ्यामागे तळं दिसतं. १९०५चं डग्लस लॉज राहायला मिळालं तर उत्तम, पण खोल्या आधीच आरक्षित कराव्यात. डास भरपूर, शिवाय गवतातल्या गोचिडी. संध्याकाळी मुलांच्या पोटऱ्या आणि केसांची मुळं तपासावीत.

गर्दी आणि डास दोन्ही टाळायचे असतील, तर सप्टेंबरअखेर गाठावी. मेपल रंगलेले असतात आणि दगडांवरून जायला रांग नसते. पाणी मात्र हाडं गोठवणारं असतं, तेव्हा कोरडे मोजे जवळ ठेवावेत.