नदी आया

सांगली-मिरज भागातल्या शाखेत असताना एक खातेदार म्हणाला, ‘साहेब, नदी आया, हप्ता राहिला.’ शाळकरी हिंदीच्या जोरावर मी त्याला सुनावलं, ‘आया नव्हे, आयी!’ बिचारा गप्प झाला.

पुढे कुपवाडविषयी वाचलं आणि ओशाळलो. सांगलीजवळच्या या गावात मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली दाखवलं, की शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्याची घडण मात्र जवळजवळ एक झाली. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ला तिथली उर्दू ‘पाला जरा काट के लेके आया’ म्हणते. शब्दामागे शब्द! कानडीत नदीला स्त्रीलिंग नाही. शेजारच्या उर्दूनंही ते सोडलं. उलट, ‘इदु नम्म मने’ एवढ्यावर थांबणारी कानडी तिथं मराठीसारखं ‘आहे’ लावू लागली.

त्या खातेदाराला मुदत दिली की नाही, आठवत नाही. दुरुस्ती तेवढी आठवते.