‘कोणता शेअर घेऊ?’ हा शेवटचा प्रश्न. भिवंडीकरांनो, त्याआधी सल्ला देणाऱ्याला तपासा!

कारखान्यातली बचत, गोदामाचं भाडं किंवा जमिनीचा मोबदला शेअर बाजारात लावायचा विचार आहे? फोनवर टिप देणाऱ्यांची कमी नाही. पण कायद्याने सल्ला देण्याचा अधिकार कोणाला आहे, त्याने फी किती घ्यावी आणि घेतलेले शेअर सांभाळायचे कसे? सोप्या भाषेत समजून घेऊ.

भिवंडीचा प्रश्न वेगळा का?

भिवंडीत पगारदारांपेक्षा धंदेवाल्यांचं प्रमाण डोळ्यात भरतं. यंत्रमागाचे कारखाने, मानकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळ पट्ट्यातली गोदामं, वाहतूकदार, सुताचे दलाल. समृद्धी महामार्ग याच तालुक्यात आमणे इथे येऊन संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. बुलेट ट्रेनचा मार्गही तालुक्यातून जातो. अशा प्रकल्पांसाठी जमीन गेली की मोबदला एकरकमी येतो.

पगारदाराचा पैसा दर महिन्याला थोडा थोडा येतो. एखादी चूक झाली तरी पुढच्या पगारात सावरता येते. जमिनीचा पैसा एकदाच येतो आणि ती जमीन पुन्हा मिळत नाही. कारखानदाराचंही तसंच. सूत महागलं, कापडाला उठाव नसला, पेमेंट थकलं की त्याला त्याच बचतीला हात घालावा लागतो. म्हणून मुंबईतल्या नोकरदाराला चालणारी टिप भिवंडीतल्या घराला चालेलच असं नाही.

सल्ला देणारे चार, नियम वेगवेगळे

१) गुंतवणूक सल्लागार: सेबीच्या २०१३च्या नियमांखाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. सल्ला देण्याआधी ग्राहकाचं उत्पन्न, कर्ज, वय, उद्दिष्ट आणि तोटा सोसण्याची ताकद तपासणं त्याला बंधनकारक आहे. दिलेला सल्ला त्या माणसाला साजेसा असलाच पाहिजे.

२) रिसर्च अ‍ॅनालिस्ट: २०१४चे नियम लागू. क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो. कंपनीचा अभ्यास करून शेअर घ्या, विका किंवा ठेवा, असं तो सांगू शकतो. पण त्याची शिफारस सगळ्या ग्राहकांसाठी सारखीच असते. ती तुमच्या घराला झेपते का, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

३) म्युच्युअल फंड वितरक: याच्याकडे ‘एआरएन’ क्रमांक असतो. त्याला कमिशन फंड कंपनी देते, तुम्ही थेट देत नाही. कमिशन नसलेले ‘डायरेक्ट प्लॅन’ जानेवारी २०१३पासून उपलब्ध आहेत. वितरक वाईट असं नाही. फॉर्म भरणं, वारस नोंदवणं, घसरणीत धीर देणं ही कामं तो करतो. फक्त त्याचे पैसे कुठून येतात, हे माहीत असावं.

४) शिकवणारे आणि इन्फ्लुएन्सर: नुसतं शिकवायला सेबीची नोंदणी लागत नाही. पण शिकवता शिकवता ‘हा शेअर आज घ्या’ म्हटलं की तो सल्ला होतो आणि त्याला नोंदणी लागते. जानेवारी २०२५मध्ये सेबीने अट घातली, की फक्त शिक्षण देणाऱ्याने चालू भाव दाखवून शिकवू नये, किमान तीन महिने जुने भाव वापरावेत.

ही रेषा किती महत्त्वाची आहे, ते ४ डिसेंबर २०२५च्या सेबीच्या आदेशातून दिसलं. अवधूत साठे हे मराठी गुंतवणूकदारांना ओळखीचं नाव. त्यांच्या ट्रेडिंग अकॅडमीविरोधात अंतरिम आदेश काढताना सेबीने सुमारे ५४६ कोटी रुपये गोठवायला सांगितले. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय शेअरचा सल्ला दिला गेला, असा सेबीचा प्राथमिक निष्कर्ष आहे. हा आदेश अंतरिम आहे, अंतिम निकाल नव्हे, आणि अकॅडमीने त्याविरोधात रोखे अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ नावाने काम करणाऱ्या व्यक्तीवर सेबीने अशाच स्वरूपाची कारवाई केली होती. तिथे रक्कम १७ कोटींहून अधिक होती.

खरा सल्लागार ओळखायची साधी खूण

कारखानदार सूत घ्यायला गेला की व्यापारी आधी विचारतो, काउंट कोणता, कापड कोणतं काढणार, पेमेंट किती दिवसांत? हे न विचारता कोणी गाडी भरून माल पाठवला, तर तो आपण उतरवून घेणार नाही.

शेअरचंही तसंच आहे. तुमच्यावर कर्ज किती, मुलीचं लग्न कधी, हा पैसा किती वर्षं लागणार नाही, हे काहीच न विचारता ‘अमुक शेअर घ्या’ म्हणणारा माणूस तुमचा सल्लागार नाही. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला हे प्रश्न कायद्यानेच विचारावे लागतात. म्हणून त्याचे प्रश्न ऐका, उत्तरं नंतर.

मग पुढच्या गोष्टी तपासा:

• सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी आहे. तिथे नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवा. फोनवर आलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर विसंबू नका. दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरूनही फसवणूक होते.
• ‘महिन्याला ५ टक्के पक्के’ असं नोंदणीकृत सल्लागार म्हणूच शकत नाही. खात्रीच्या परताव्याचं आश्वासन द्यायला मनाई आहे.
• पैसे व्यक्तीच्या खात्यावर किंवा कोणत्याही क्यूआर कोडवर पाठवू नका. सेबी-नोंदणीकृत संस्थांसाठी १ ऑक्टोबर २०२५पासून ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले खास यूपीआय आयडी सुरू झाले आहेत. ‘सेबी चेक’ या सुविधेवर यूपीआय आयडी किंवा बँक खातं तपासता येतं.
• डिमॅटचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका, ‘खातं आम्हीच चालवतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

फी किती असू शकते?

नोंदणीकृत सल्लागार एका कुटुंबाकडून ठरावीक फी घेत असेल, तर वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार रुपये घेऊ शकतो. किंवा सल्ल्याखाली असलेल्या रकमेच्या २.५ टक्क्यांपर्यंत. रिसर्च अ‍ॅनालिस्टलाही वैयक्तिक ग्राहकांसाठी १ लाख ५१ हजारांचीच मर्यादा आहे. ही कमाल मर्यादा आहे, दर नव्हे.

इथे हिशेब करा. तुमच्याकडे गुंतवायला २ लाख आहेत आणि फी २५ हजार. म्हणजे पहिले साडेबारा टक्के कमावले, तरी हातात शून्यच. एवढ्या रकमेला टिपांची वर्गणी परवडत नाही. उलट ४०-५० लाखांचा मोबदला आला असेल, तर एकदाच फी देऊन लेखी नियोजन करून घेणं स्वस्त पडतं. अशा सल्लागारांची संख्या मात्र कमी आहे. देशातली डिमॅट खाती २०२५मध्ये २० कोटींच्या पुढे गेली. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार एक हजाराच्या आसपासच आहेत. ही पोकळी टिपवाले भरून काढतात.

फसवणुकीची ठरलेली पद्धत

आधी ग्रुपमध्ये घेतलं जातं. तिथे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट पडतात. मग ‘मोठ्या संस्थांच्या खात्यातून स्वस्तात शेअर किंवा आयपीओ’ असं सांगून एक अ‍ॅप डाउनलोड करायला लावतात. विदेशी संस्थांच्या नावाने चालणाऱ्या अशा प्रकाराबद्दल सेबीने फेब्रुवारी २०२४मध्येच इशारा दिला होता. अ‍ॅपवर पैसे वाढताना दिसतात. सुरुवातीला दोन-पाच हजार काढूही देतात. मोठी रक्कम भरली, की पैसे काढण्यासाठी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ मागितलं जातं.

यावर उपाय एकच. तुमचे खरे शेअर अ‍ॅपमध्ये नसतात, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असतात. त्यांच्याकडून येणाऱ्या एकत्रित खाते विवरणात शेअर दिसत नसेल, तर तो तुमच्याकडे नाही. अ‍ॅप काहीही दाखवो.

दुसरा प्रकार छोट्या शेअरचा. आधी स्वतः शेअर घ्यायचे, मग व्हिडिओ करून भाव चढवायचा आणि लोक धावले की विकून मोकळं व्हायचं. ‘साधना ब्रॉडकास्ट’ प्रकरणात सेबीने मार्च २०२३मध्ये यूट्यूब चॅनेलवाल्यांसह अनेकांवर याच कारणाने कारवाई केली. कंपनी मोठा उद्योगसमूह विकत घेणार, अशी खोटी माहिती त्या व्हिडिओंत होती. भाव पडायला लागला की असा शेअर लोअर सर्किटला अडकतो. तुम्ही विकायला उभे असता, पण घेणारा नसतो.

ऑप्शनचं आमिष

‘रोज दोन हजार सुटतात’ हे वाक्य बहुतेक वेळा फ्युचर्स-ऑप्शनबद्दल असतं. सेबीच्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. २०२४-२५मध्येही ९१ टक्के तोट्यातच. यात काम करणाऱ्या ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी सांगितलं होतं. म्हणजे तोटा सोसायची ताकद सर्वांत कमी असलेलेच लोक यात जास्त आहेत. शेअर त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांचंही चित्र फार वेगळं नाही. २०२२-२३मध्ये अशा १० पैकी ७ जणांना तोटा झाला.

आधी घराचे कप्पे, मग शेअर

समजा, एका घरात जमिनीचे ४० लाख आले. (हा फक्त नमुना आहे, सल्ला नव्हे.) पहिला कप्पा कर्जाचा. १४ टक्के व्याजाचं कर्ज डोक्यावर ठेवून १२ टक्क्यांच्या आशेने शेअर घेण्यात अर्थ नाही. ४ लाख तिकडे. दुसरा कप्पा वर्षभराच्या घरखर्चाचा, ६ लाख बँकेत. कारखाना असेल तर मजुरी, सूत आणि विजेचं बिल धरून तो वाढवावा. तिसरा कप्पा पाच वर्षांच्या आत लागणाऱ्या पैशाचा, म्हणजे लग्न, शिक्षण, घर. १५ लाख मुदत ठेवीत. एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासह ५ लाखांपर्यंतच पैसे विम्याने सुरक्षित असतात, हे लक्षात ठेवून ते विभागावेत.

उरले १५ लाख. शेअर बाजाराचा प्रश्न इथे सुरू होतो. तेही एका दिवसात न लावता वर्ष-दीड वर्षात हप्त्याने लावता येतात. ज्याला ताळेबंद वाचायला वेळ नाही, त्याच्यासाठी निफ्टी ५०सारख्या निर्देशांकाचा फंड हा स्वस्त मार्ग आहे. एकाच वेळी ५० कंपन्यांत वाटा मिळतो. स्वतः शेअर निवडायची हौस असेल, तर त्यासाठी या १५ लाखांतला छोटा भाग वेगळा ठेवावा.

एक चूक भिवंडीत सहज होऊ शकते. कापडवाल्याला कापडाच्या कंपन्या ओळखीच्या वाटतात, म्हणून तो तेच शेअर घेतो. पण कापडाला मंदी आली की कारखान्याची कमाई आणि शेअर, दोन्ही एकदम खाली येतात. तेच गोदाममालकाने लॉजिस्टिक्स आणि बांधकाम कंपन्या घेतल्या तर. पोट ज्या धंद्यावर आहे, बचत त्याच धंद्यात नको.

घेतल्यावर सांभाळायचं कसं?

• प्रत्येक शेअर का घेतला, ते दोन ओळींत लिहून ठेवा. ते कारण संपलं की विका. भाव पडला एवढंच कारण पुरेसं नाही. ‘घेतलेल्या भावाला आला की विकू’ हेही नाही.
• ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के वाढावा लागतो. म्हणून एकाच शेअरमध्ये किती पैसे लावायचे, याची मर्यादा आधीच ठरवा.
• मोठी घसरण येणार, हे गृहीत धरा. जानेवारी २००८मध्ये २१ हजारांजवळ असलेला सेन्सेक्स मार्च २००९मध्ये ८,२००च्या खाली होता. पाच वर्षांत लागणारा पैसा बाजारात नको, तो याचसाठी.
• वर्षातून एकदा वाटणी तपासा. शेअरचा हिस्सा ठरल्यापेक्षा फार वाढला असेल, तर थोडा काढून ठेवीत टाका.
• कर लक्षात ठेवा. एक वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के. त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.
• डिमॅटला वारसाचं नाव लावा आणि घरात एकाला तरी खात्याची माहिती द्या.

पैसे अडकले तर?

ऑनलाइन फसवणूक लक्षात आली की लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकतात, त्यामुळे इथे तासही महत्त्वाचे असतात. लाजेने गप्प बसू नका. नोंदणीकृत सल्लागार किंवा दलालाविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ व्यवस्थेत तक्रार करता येते; तिचं उत्तर २१ दिवसांत द्यावं लागतं. सेबीचा टोल फ्री क्रमांक १८०० २२ ७५७५. सल्लागार नोंदणीकृतच नसेल, तर ही दाद मिळवणं फार अवघड होतं. नोंदणी तपासायला दोन मिनिटं लागतात. पैसे पाठवण्याआधी ती द्या.