श्वानाची जात काय सांगते आणि काय सांगत नाही

घरात प्रथमच कुत्रा आणावयाचे ठरले की पहिला प्रश्न जातीचा निघतो, आणि त्याचे उत्तर चित्रपटांतील दृश्ये, शेजाऱ्यांचे अनुभव आणि विक्रेत्यांची आश्वासने यांवरून ठरविले जाते. मुळात कुत्र्याची जात म्हणजे काय, याची शहानिशा करण्याचे मात्र राहून जाते. विशिष्ट मुलखात, विशिष्ट हवामानात आणि विशिष्ट कामासाठी मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडविलेला प्राणी, एवढाच जातिवंत कुत्र्याचा अर्थ आहे. त्याची जात आपल्याला त्याचे शरीर सांगते आणि त्याच्या अंगी मुरलेल्या कामाची ओढही बऱ्याच अंशी सांगते. तो माया किती लावील आणि चावेल की नाही, हे मात्र ती फारच थोडे सांगते. आपल्याकडचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची उलटापालट केल्यामुळे झालेले आहेत.

शरीराची गोष्ट प्रथम घेऊ, कारण महाराष्ट्रात कुत्र्यांचे सर्वाधिक हाल या एका बाबतीतील अज्ञानामुळे होतात. घरात वातानुकूलन यंत्र असले की सायबेरियन हस्की आपल्याकडेही सुखाने राहतो, असे मानणारी पुष्कळ मंडळी आहेत. ही जात ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी घडविली. 1925 साली अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ उद्भवली असता सुमारे अकराशे किलोमीटरची हिमाच्छादित वाट टप्प्याटप्प्याने तुडवून ज्या कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत प्रतिविष पोहोचविले, त्यांत याच कुळातील टोगो आणि बाल्टो होते. असा प्राणी पुण्यातील वा नागपुरातील सदनिकेत आणून थंड खोलीत बसविला, तर आपण त्याच्या एका गरजेची तजवीज करतो आणि दुसरी गरज कोंडून ठेवतो. कारण त्याला गारव्याइतकीच धावण्याची आवश्यकता असते, आणि वैशाखात त्याला धावता येईल असा काळ पहाटेच्या एखाद्या तासापलीकडे उरत नाही. उन्हाळ्यात त्याचे केस भादरावे, हा त्यावर सांगितला जाणारा उपायही चुकीचा आहे. त्याच्या अंगावरील दुहेरी केसांचा थर बाहेरची उष्णता आणि ऊन काही अंशी अडवितो. तो काढला म्हणजे कातडी उघडी पडते, आणि केस पुन्हा पूर्ववत येतीलच याची खात्री नसते.

घाम गाळून अंग थंड करण्याची सोय कुत्र्याला जवळजवळ नसतेच. पंजाच्या गाद्यांखेरीज त्याला घाम येत नाही, आणि शरीराचा ताप तो धापा टाकून, जीभ व श्वासमार्ग यांतील ओलाव्याचे बाष्पीभवन करून उतरवितो. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारणपणे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. ते 106 च्या पुढे गेले की प्राण धोक्यात येतो. या दृष्टीने पग या जातीचा विचार करावा. एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून चालणारा पग या शतकाच्या आरंभी दिसला, आणि लहानसा, गोजिरवाणा, म्हणजे सोयीचा, असे समीकरण घरोघर रूढ झाले. परंतु त्याचे नाकाड चपटे करण्याच्या मानवी हव्यासात कवटी आखूड झाली आणि आतील मऊ भाग मात्र तितकासा आटला नाही. त्यामुळे त्याचा श्वास अडखळतो. आमच्या वसाहतीतील एक पग एप्रिलच्या दुपारी जिन्याच्या पहिल्याच वळणावर फरशीला पोट टेकवून पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. घरच्यांना तो आळशी वाटे, आणि त्याच्या घोरण्याचे त्यांना कौतुक होते. ते घोरणे हे गुदमरण्याचे लक्षण आहे, हे त्यांना सांगणारे कोणी भेटले नव्हते.

लहान कुत्रा सदनिकेला योग्य आणि मोठा अयोग्य, हा समजही याच जातीचा आहे. बीगल आकाराने बेताचा असला तरी तो सशाच्या वासामागे मैलोगणती धावण्यासाठी आणि वाटेत टाहो फोडण्यासाठी घडविलेला शिकारी आहे; ल्हासा अप्सो तिबेटातील मठांत आतल्या पहाऱ्यासाठी असे, तेव्हा जिन्यावर पाऊल वाजताच त्याने भुंकावे यात त्याचा दोष नाही; डॅक्सहुंडाचे लांब अंग आणि आखूड पाय बिळात शिरण्यासाठी केलेले असल्यामुळे रोजचे जिने त्याच्या पाठीच्या मणक्यांना घातक ठरू शकतात. जागेच्या चौरस फुटांपेक्षा घरच्या माणसांजवळ रोजचा किती वेळ आहे, हे मोजणे अधिक उपयोगाचे.

आता स्वभावाकडे वळू. अमुक जात प्रेमळ, अमुक रागीट, अशी वर्गवारी आपण दाखल्यावर शिक्का मारावा तितक्या सहजतेने करतो. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनाचे जे अंतर दिसते त्यातील सुमारे नऊ टक्केच जातीवरून उलगडते, असे त्यात आढळले. माणसाचे ऐकण्याकडे असलेल्या कलाशी जातीचा संबंध त्यातल्या त्यात अधिक दिसला, परंतु डिवचले असता कुत्रा किती चटकन चिडतो याच्याशी तो जवळजवळ नव्हताच. म्हणून लॅब्रेडॉर आहे एवढ्यावर विसंबून लहान मूल त्याच्याजवळ एकटे सोडणे जसे गैर, तसेच राखणीसाठी उग्र जातीचे पिल्लू आणून त्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवणेही गैर. बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही. तो भ्यालेला आणि चिडखोर होतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लाने जी माणसे, आवाज आणि रस्ते पाहिले असतील, त्यांचा ठसा त्याच्या स्वभावावर दीर्घकाळ राहतो.

त्याच कारणास्तव केंद्र शासनाच्या 2017 सालच्या नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री निषिद्ध ठरविली आहे, आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक केले आहे. वंशावळीच्या कागदाविषयीही खातरजमा हवी. केनेल क्लबचा दाखला आईबापांची नावे सांगतो. पिल्लाच्या आरोग्याची हमी त्यात नसते. ‘डबल बोन’ किंवा ‘हेवी बोन’ लॅब्रेडॉर म्हणून जो चढ्या दराने विकला जातो, तसा प्रकार त्या जातीच्या प्रमाणलक्षणांत कोठेही नाही. बेसुमार वजनाच्या पिल्लाचे खुबे पुढे दुखतात, एवढेच त्यातून हाती येते. लॅब्रेडॉरची न शमणारी भूकही पुष्कळदा खरी भूक नसते. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली असे आढळले की या जातीतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत क्षुधानियंत्रणाच्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. ताटातली पोळी त्याला दयेपोटी टाकणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

सर्वांत दीर्घकाळ टिकलेला आणि मला सर्वाधिक खटकणारा गैरसमज गावठी कुत्र्याविषयीचा आहे: तो शिकत नाही, रोगट असतो, घराला शोभत नाही. वस्तुतः याच भूमीतील ऊन, पाऊस आणि अन्नाची टंचाई सोसून जे टिकले, त्यांचा तो वंशज होय. त्याचे केस आखूड, नाक लांब आणि अंग सडपातळ असते, आणि चपट्या नाकासारखे मुद्दाम जोपासलेले व्यंग त्याच्यात नसते. लसी मात्र त्यालाही इतरांइतक्याच हव्यात. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास, आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे. ज्यांना जातिवंतच हवा त्यांनी आपल्या मुलखाकडेही पाहावे. लातूर-सोलापूरकडे कारवानी म्हणून ओळखला जाणारा, आणि घोरपड्यांच्या संस्थानामुळे मुधोळ या नावाने प्रसिद्धी पावलेला शिकारी कुत्रा 2005 साली टपाल तिकिटावर आला. परंतु तो सशामागे धावणारा आहे, मोकळे रान मागणारा आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याने केवळ स्वदेशाभिमानापोटी त्याला आणू नये, असेच मी सांगेन. अशा घरासाठी निवाऱ्यातील दोन-तीन वर्षांचा, स्वभाव उघड झालेला गावठी कुत्रा मला अधिक योग्य वाटतो. त्याचे भुंकणे, भिणे, मुलांशी वागणे हे चार भेटींत आपल्या डोळ्यांनी पाहता येते. सहा आठवड्यांच्या पिल्लाविषयी ते कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक हिशेब निवडीपूर्वी करावा. ग्रेट डेनसारखा प्रचंड कुत्रा आठ-दहा वर्षांतच थकतो, तर लहान चणीचे आणि गावठी कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगू शकतात. मुलाच्या हट्टाखातर त्याच्या दहाव्या वर्षी आणलेला असा कुत्रा म्हातारा होतो तेव्हा मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेलेला असतो, आणि पहाटे त्याला फिरविणे, अंधूक दृष्टीच्या त्या प्राण्याला जिना उतरविणे हे आईवडिलांच्या, कधी आजीआजोबांच्याही वाट्याला येते. तेव्हा कुत्रा निवडण्याच्या मसलतीत त्यांचा शब्द पहिला घेतला जावा.