पावसाळ्यापूर्वी कौलारू छपराची निगा

गोव्यात जूनच्या प्रारंभी पावसाळा सुरू होतो. तत्पूर्वी छपराची पाहणी करून घेणे हिताचे ठरते. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ‘मंगळुरी’ कौले या किनारपट्टीवर रूढ झाली.

एका कौलाच्या खाचेत दुसऱ्याची कड बसते. खाचेत पालापाचोळा व शेवाळ साचले की पाणी तुंबून आत उतरते. म्हणूनच कौल शाबूत असतानाही घर गळू शकते. शिवाय पाणी वाशावरून ओघळत दूर जाऊन ठिबकते. यास्तव दोष थेंबाच्या जागेपासून वर, आढ्याच्या दिशेने शोधावा.

दिवसा आतून पाहिल्यास फटीतून उजेड दिसतो. तेथे खडूने खूण करावी. खाचा कोरड्या कुंच्याने झाडाव्यात. फुटके कौल सिमेंटने सांधू नये. तो सांधा ऊन-पावसात पुन्हा उकलतो. वरचे कौल किंचित सरकवून नवे बसवावे. सर्व कारखान्यांच्या कौलांचे माप सारखे नसते; खरेदीस जाताना जुने कौल नमुन्यादाखल न्यावे. रिपांना वाळवी लागली असल्यास त्या प्रथम बदलाव्यात.

कौलावर थेट पाय देऊ नये. छपरावर शिडी आडवी ठेवून तिच्यावरून वावरावे. ओल्या छपरावर किंवा एकट्याने चढू नये. वीजतार जवळ असल्यास प्रवाह बंद करून घ्यावा. फुटलेले कौल बदलता येते. छपरावरून पडलेल्या कर्त्या माणसाची उणीव मात्र भरून निघत नाही.