श्रीधरन यांनी अधिकार वाटले, जबाबदारी नाही

‘साहेबांची सही झाली की सुरू करू’, हे वाक्य आपल्याकडच्या कार्यालयांत रोज ऐकू येतं. साहेब दौऱ्यावर, फाइल टेबलावर आणि काम जाणणारा माणूस हातावर हात धरून बसलेला. कोकण रेल्वे या पद्धतीने बांधली असती, तर रोह्याच्या पुढे गाडी कधी सरकली असती कोण जाणे!

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा ते मंगळूर या मार्गात डोंगर, खाड्या, दरडी, काय नव्हतं? श्रीधरन यांनी साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे सात विभाग पाडले. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि जागेवरचे निर्णय जागेवरच घेण्याची मुभा त्याला दिली.

गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात या पद्धतीचा कस लागला. तिथे खडकाऐवजी पाणी मुरलेली मऊ माती होती. पुढे खणावं, तर वरून ढासळायची. सकाळी ठरवलेली युक्ती संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसायची. अशा ठिकाणी मुख्यालयाच्या पत्राची वाट पाहत बसून भागत नाही. समोर माती पाहणाऱ्यालाच ठरवावं लागतं. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

खालच्या माणसाचं ऐकण्याची सवय श्रीधरन यांना जुनीच. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले. नवे आणून बसवायला किती काळ गेला असता! पण समुद्राच्या तळाशी गर्डर पडल्याची खबर कोळ्यांकडून मिळाली, आणि तरुण श्रीधरन यांनी तेच वर काढून बसवले. पूल ४६ दिवसांत उभा राहिला.

अधिकार वाटून मोकळे होणारे साहेबही पुष्कळ असतात. काम फसलं की तेच पहिले बोट दाखवतात. श्रीधरन इथे वेगळे ठरतात. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर इथे मेट्रोच्या पुलाचं बांधकाम कोसळलं, माणसं दगावली. चौकशी सुरू व्हायची होती, ठेकेदाराकडे बोट दाखवता आलं असतं. तेव्हा दिल्ली मेट्रोचे प्रमुख असलेल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही.

बढतीच्या मुलाखतीत उमेदवाराला त्याने काय काय मिळवलं हे विचारतात. हाताखालच्या माणसावर सोपवलेला निर्णय चुकला, तेव्हा वरिष्ठांना तुम्ही काय लिहून दिलंत, हेही विचारायला सुरुवात करावी.