जपानात जुने काय पाहिले?

परदेशातून परतलेल्या माणसाने तेथील स्वच्छता, शिस्त आणि वक्तशीरपणा यांची स्तुती करावी आणि श्रोत्यांनी मान डोलवावी, असा आपल्याकडे प्रवासावरील व्याख्यानांचा ठराविक साचा होऊन गेला आहे. जपानविषयी तर ही स्तुती इतक्या वेळा झाली आहे की तीत आणखी भर घालण्याचे कारण नाही. आम्ही चौघे मित्र जपानात बारा दिवस हिंडलो. चौघेही तिशीच्या आतले. एक स्थापत्य अभियंता, एक इतिहासाचा शिक्षक, एक बँकेत नोकरी करणारा, आणि एकाच्या घरी तीन पिढ्यांचा सुतारकामाचा धंदा. गाड्या वेळेवर सुटत होत्या आणि रस्ते स्वच्छ होते, हे एका वाक्यात सांगून आम्ही मोकळे होतो. आजचा विषय निराळा आहे. प्रेक्षणीय स्थळे पाहत असता आमच्यात पहिल्याच दिवशी एक वाद सुरू झाला. आपण जे पाहत आहोत ते खरोखर जुने आहे काय? आणि नसेल, तर इतक्या दूर येऊन ते पाहण्यात अर्थ काय? हा वाद आमच्यापुरता राहू नये असे वाटल्यावरून तो आपल्यापुढे मांडीत आहोत. कारण तो दिसतो जपानचा, पण आहे आपल्या गावचाही.

वादाला निमित्त झाला ओसाकाचा किल्ला. प्रचंड दगडी तट, खोल खंदक आणि वर पांढरा, हिरव्या छपरांचा उंच मनोरा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने हा किल्ला उभारला. १६१५ च्या युद्धात तो पडला. विजयी तोकुगावा घराण्याने तो पुन्हा बांधला, आणि १६६५ मध्ये वीज पडून तो मनोराही जळाला. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे चौथरा रिकामाच होता. आज दिसतो तो मनोरा १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून उभा राहिला, आणि तो पोलाद व काँक्रीट यांचा आहे. आत वस्तुसंग्रहालय असून वर जाण्यास लिफ्टही आहे.

आमच्यातील शिक्षक नाराज झाला. हा तर देखावा आहे, असे त्याचे म्हणणे पडले. अभियंत्याने त्याला हिशेब करून दाखवला. हिदेयोशीचा मनोरा सुमारे तीस वर्षे टिकला, तोकुगावांचा चाळीसही नाही. काँक्रीटचा मनोरा मात्र नव्वद वर्षे उलटून गेली तरी उभा आहे आणि १९४५ च्या बाँबवर्षावातूनही तो वाचला आहे. मग यांतला खरा कोणता? गंमत अशी की १९९७ मध्ये जपान सरकारने या काँक्रीटच्या मनोऱ्याचीच सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंद केली. नकल म्हणून बांधलेली वस्तू पुरेशी जगली की तिलाही स्वतःचा इतिहास प्राप्त होतो. वाद मिटला नाही, पण तो सोपा नाही एवढे आम्हांला कळले.

क्योटोला त्याची दुसरी बाजू दिसली. तेथील किंकाकु-जी, म्हणजे सुवर्णमंडप, तळ्याच्या काठी उभा आहे. त्याचे वरचे दोन मजले सोन्याच्या वर्खाने मढवलेले आहेत आणि खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब पडते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आशिकागा योशिमित्सू याने तो बांधला. १४६७ मध्ये सुरू झालेल्या यादवीत क्योटोचा मोठा भाग बेचिराख झाला, तरी हा मंडप टिकला. दुसऱ्या महायुद्धातही तो वाचला. आणि युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर, २ जुलै १९५० रोजी, तेथल्याच एका तरुण शिकाऊ भिक्षूने त्याला आग लावली. मिशिमा युकिओ या लेखकाची १९५६ ची प्रसिद्ध कादंबरी याच घटनेवर आधारलेली आहे.

मंडप १९५५ मध्ये पुन्हा उभा राहिला. तो नेमका कसा होता हे सांगता आले, याचे कारण विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची दुरुस्ती झाली तेव्हा त्याची मोजमापे घेऊन नकाशे करून ठेवले होते. त्या वेळी कोणाला आगीची कल्पना असणार! दुरुस्ती करावयाची तर आधी मोजून, लिहून आणि रेखाटून ठेवावे, एवढाच त्या माणसांचा शिरस्ता होता. पन्नास वर्षांनी त्या कागदांतूनच मंडप पुन्हा उभा करता आला. येथे आमचा बँकवाला प्रथमच बोलला. तो म्हणाला, ‘म्हणजे मुद्दल बुडाले, पण वही होती.’

क्योटोहून आम्ही नाराला आणि तेथून जवळच्या इकारुगा गावी होर्यू-जी हे मठमंदिर पाहण्यास गेलो. येथे शिक्षकाचे समाधान झाले. राजपुत्र शोतोकू याने ६०७ च्या सुमारास स्थापिलेले हे मंदिर ६७० मध्ये जळाले असे जुन्या बखरीत नमूद आहे. परंतु त्यानंतर, सातव्या शतकाच्या अखेरीस व आठव्याच्या आरंभी, ज्या इमारती झाल्या त्या आजही उभ्या आहेत. जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत प्राचीन लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. लाकूड हिनोकीचे, म्हणजे सरूच्या कुळातल्या एका जपानी वृक्षाचे. पाचमजली स्तूप सुमारे बत्तीस मीटर उंच आहे. आपल्याकडे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचे म्हटले की डोळ्यांपुढे दगड येतो. येथे तेवढ्या वयाच्या लाकडी खांबाला अगदी जवळून पाहता येते.

पण सुताराच्या मुलाची नजर खांबाच्या माथ्याकडे नव्हती, पायथ्याकडे होती. तेथे जुन्या लाकडाला नव्या लाकडाचा सांधा दिलेला होता. खांबाच्या अंगातही लहान लहान ठिगळे बसवलेली होती. जेवढे कुजले तेवढेच काढावयाचे आणि त्याच जातीच्या लाकडाने तेवढेच भरावयाचे, ही तेथली पद्धत. १९३४ पासून पुढे पन्नास वर्षे येथे मोठी दुरुस्ती चालली. इमारती सांधा न् सांधा मोकळ्या करून तपासल्या गेल्या आणि पुन्हा जुळवल्या गेल्या. या कामात निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) या सुतारप्रमुखाचे नाव जपानात आदराने घेतले जाते. प्राचीन काळी लाकूड ज्या भाल्यासारख्या रंध्याने तासत, तो वापरातून गेला होता. निशिओकांनी तो पुन्हा घडवून घेतला व चालवून दाखवला. जुनी इमारत दुरुस्त करण्यासाठी त्यांना आधी जुने हत्यार दुरुस्त करावे लागले, असेच म्हटले पाहिजे.

होर्यू-जीच्या हकिगतीत महाराष्ट्राचाही एक धागा गुंतलेला आहे. तेथील मुख्य मंदिराच्या भिंतींवर जी बौद्ध चित्रे होती, त्यांचे अजिंठ्याच्या चित्रांशी नाते आहे असे अनेक अभ्यासकांना वाटत आले. आराई कांपो हे चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील चित्रांच्या नकला उतरवल्या. त्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या असता १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे १९४० मध्ये होर्यू-जीच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम निघाले, तेव्हा आराई पुन्हा कुंचला घेऊन उभे राहिले. १९४५ मध्ये त्याच कामासाठी जात असता वाटेतच त्यांचा अंत झाला.

नकलांचे काम पुरे होण्यापूर्वीच २६ जानेवारी १९४९ च्या सकाळी मुख्य मंदिरात आग लागली आणि मूळ चित्रे करपून गेली. दुरुस्तीसाठी वरचा मजला आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तेवढा वाचला. या घटनेने सारा जपान हळहळला. पण हळहळ तेथेच थांबली नाही. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात वस्तूंबरोबर कलाकौशल्यालाही, म्हणजे हाताला न लागणाऱ्या ठेव्यालाही, स्थान मिळाले. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस देशभर देवळांतून आग विझवण्याच्या कवायतीने पाळला जातो. जुन्या नकला आणि १९३५ मध्ये काढून ठेवलेली मूळ आकाराची छायाचित्रे यांच्या आधारे चित्रकारांनी ती चित्रे पुन्हा रंगवली, आणि १९६८ मध्ये ती मंदिरात बसवण्यात आली. करपलेल्या मूळ भिंती आणि खांबही त्यांनी टाकून दिले नाहीत. ते मंदिराच्या आवारातच वेगळे जपून ठेवले आहेत.

नाराहून पूर्वेला इसे येथे गेलो, आणि आतापर्यंत जमवलेली आमची सारी मते तेथे पुन्हा उलटीपालटी झाली. इसे हे शिंतो पंथाचे सर्वश्रेष्ठ क्षेत्र. तेथील सूर्यदेवतेचे मंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात. शेजारी शेजारी दोन सारख्या जागा आहेत. एकीवर मंदिर उभे असते, दुसरी पांढऱ्या खड्यांनी आच्छादलेली मोकळी असते. वीस वर्षे झाली की मोकळ्या जागेवर हुबेहूब तसेच मंदिर उभारतात, रात्रीच्या काळोखात देवतेला नव्या घरी नेतात आणि जुने मंदिर उतरवतात. परंपरेप्रमाणे पहिला सोहळा ६९० मध्ये झाला. बासष्टावा २०१३ मध्ये झाला आणि पुढचा २०३३ मध्ये आहे. सामान्य यात्रेकरूला कुंपणाबाहेरूनच दर्शन घ्यावे लागते. छपराचे टोक तेवढे दिसते.

हे मंदिर जुने म्हणावे की नवे? लाकूड पाहिले तर बारा-तेरा वर्षांचे, रीत पाहिली तर तेराशे वर्षांची. अभियंत्याला ही उधळपट्टी वाटली. परंतु चौकशी केल्यावर कळले की उतरवलेले लाकूड वाया जात नाही. मंदिराच्या मुख्य खांबांतून उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानी होतात, तेथेही वीस वर्षे झाली की ते लाकूड आणखी दुसरीकडे जाते. बाकीचे ठिकठिकाणच्या देवळांना मिळते.

सुताराच्या मुलाने मात्र वीस या आकड्यावर बोट ठेवले. माणूस विशीत असताना पहिल्या बांधणीत हाताखाली राबतो, चाळिशीत दुसरी बांधणी स्वतः करतो आणि साठीला पोचल्यावर तिसऱ्या वेळी शिकवतो. सोहळ्याला शंभर वर्षांचे अंतर असते तर शिकवणारा आणि शिकणारा यांची गाठच पडली नसती. अर्थात परंपरा कधी तुटलीच नाही असे मानण्याचे कारण नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत हा सोहळा शंभराहून अधिक वर्षे बंद होता. तो लोकांनी वर्गणी जमवून पुन्हा सुरू केला. लाकडाचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. १९२० च्या दशकात देवस्थानाने दोनशे वर्षांचा बेत आखून स्वतःच्या रानात हिनोकीची लागवड वाढवली. त्या रानातले लाकूड २०१३ च्या बांधणीत काही प्रमाणात वापरलेही गेले. मोठे खांब निघतील ते मात्र लावणाऱ्यांच्या पणतवंडांच्याही पुढच्या पिढीला.

शेवटचा मुक्काम हिरोशिमा. नदीकाठी एका इमारतीचा सांगाडा उभा आहे. यान लेट्झेल या चेक वास्तुशिल्पज्ञाने केलेली ही उद्योगप्रदर्शनाची इमारत १९१५ मध्ये पुरी झाली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब जवळजवळ तिच्या डोक्यावरच फुटला. आतली सारी माणसे मेली. काही भिंती आणि घुमटाचे लोखंडी कडे राहिले. हा सांगाडा ठेवावा की पाडावा, यावर त्या शहरात वीस वर्षे मतभेद होता. ज्यांचे आप्त गेले त्यांतल्या कित्येकांना तो रोज डोळ्यांपुढे नको होता. दुसरीकडे, बाँबच्या परिणामी जडलेल्या रक्ताच्या कर्करोगाने १९६० मध्ये मृत्यू पावलेल्या एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीने मुलांची मने हलवली, आणि मुलांनीच तो राखण्यासाठी वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला. १९६६ मध्ये नगरसभेने तो कायमचा जपण्याचा ठराव केला. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे.

येथली दुरुस्ती सर्वांत विलक्षण. भेगांत रसायन भरतात, आतून आधार देतात, पण एकही वीट नव्याने रचीत नाहीत. इसेला वस्तू सदैव नवी राहावी म्हणून खटपट, आणि येथे ती सदैव पडकी राहावी म्हणून! त्या सांगाड्यापुढे आम्ही चौघेही बराच वेळ काही बोललो नाही.

मग बारा दिवसांच्या वादाचा निकाल काय? आम्हांला असे दिसले की ‘जुने जपणे’ हा एक शब्द असला तरी त्यात चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. ओसाकाने रूप जपले, होर्यू-जीने द्रव्य जपले, इसेने हात जपला आणि हिरोशिमाने आठवण जपली. चारही एकदम जपता येतीलच असे नाही. पण आपण कोणती जपतो आहोत आणि कोणती सोडतो आहोत, हे त्या त्या ठिकाणी लोकांनी ठरवले आहे, आणि त्यासाठी आधी भांडलेही आहेत.

आपल्याकडे शब्द आहे जीर्णोद्धार. शब्द फार सुंदर आहे. पण त्या नावाखाली पुष्कळ गावांत काय चालते हे आपण सर्व जाणतो. सागवानी सभामंडप उतरतो, स्लॅब पडतो, नक्षीच्या दगडी खांबांवर तैलरंग चढतो, खाली चकचकीत फरशी येते आणि जुन्या तुळया वखारीत जातात. यात कोणाची भक्ती कमी असते असे नाही. गळके छप्पर बदललेच पाहिजे, आणि काँक्रीट हे काही पाप नव्हे. ओसाकानेही ते वापरले. उणीव असते ती ठरवण्याची. रूप, द्रव्य, हात आणि आठवण यांपैकी आपण काय सोडतो आहोत, हा प्रश्नच सभेत कोणी विचारीत नाही, म्हणून चारही एकदम जातात. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. तट, दरवाजे आणि जोती राहिली. आतल्या लाकडी महालांचे मोजून केलेले नकाशे आपल्याजवळ असते, तर आज आपल्यालाही किंकाकु-जीप्रमाणे पुन्हा बांधावे की न बांधावे याचा विचार तरी करता आला असता.

जपानच्या लाकडी बांधकामाचे रक्षण करणारी कौशल्ये २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. या कामाला आरंभ मात्र कोणत्याही गावाला करता येतो. आपल्या गावातला जुना वाडा किंवा देऊळ दुरुस्तीस निघण्यापूर्वी चार तरुणांनी टेप, वही आणि कॅमेरा घेऊन दोन रविवार तेथे घालवावेत. खांब किती, सांधा कसा, तुळईची लांबी किती, हे मोजून ठेवावे. गावात सागाचा जुना सांधा करणारा एखादा म्हातारा सुतार हयात असेल, तर त्याच्या हाताखाली एखादा मुलगा बसवावा. त्याला वीस वर्षांची मुदत मिळेलच असे नाही.