बिनइंजिनाचें विमान आणि डार्मस्टाटचीं शाळकरी मुलें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आमच्या इयत्ता नववींतील दोघां विद्यार्थ्यांनीं बांबूच्या कामट्या, जुनी ताडपत्री व सुतळी यांचे पंख तयार केले, आणि शाळेमागील पाण्याच्या टाकीवरून उडी घेतली. टाकी सुमारें आठ फूट उंच आहे. पंखांत वारा भरण्यापूर्वींच जमीन आली, व दोघांपैकीं एकाचा डावा हात मनगटापाशीं मोडला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आम्हांकडे आले. ते रागावले नव्हते. अगदीं शांतपणें ते म्हणाले, "मास्तरसाहेब, पक्षी कसा उडतो हें आपण वर्गांत शिकविलेंत. माणूस कसा पडतो, तेंही त्याच तासाला सांगावयास हवें होतें." आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. तें आज येथें देत आहों. तें त्या गृहस्थांस जितकें आहे, तितकेंच टाकीवर चढणाऱ्या मुलांसही आहे.

चैत्राच्या दुपारीं शाळेच्या मैदानावर उभे राहून वर पाहावें. पारवे पंख फडफडवीत कौलांवरून जातात. पण त्यांच्याही फार वर एखादी घार पंख पसरून संथपणें वर्तुळें घेत असते. ती पंख हालवीत नाहीं, तरी प्रत्येक फेऱ्यागणिक उंच चढते. इंजिनाचें विमान पारव्याप्रमाणें स्वतःच्या बळावर चालतें. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचें विमान हें घारीच्या जातीचें होय.

ग्लायडर हें स्वभावतः सदैव खालींच येत असतें, ही गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी. उतारावर सुटलेली गाडी बैलांवांचून धांवते, तसें तें हवेच्या अदृश्य उतारावरून घसरतें. या घसरण्यानें त्यास वेग मिळतो, वेगामुळें पंखांवरून हवा वाहते, आणि ती वाहती हवा त्यास उचलून धरते. नाक फार वर केलें तर वेग मरतो, हवा पंखांस सोडते, व यंत्र कोसळतें. शंभर वर्षांपूर्वींचें उत्तम ग्लायडर एक मीटर खालीं येई तों सुमारें पंधरा मीटर पुढें जाई. आजचीं चांगलीं ग्लायडरें चाळीस-पन्नास मीटर जातात. आमच्या विद्यार्थ्यांच्या ताडपत्रीला एकास एक हें प्रमाणही साधलें नाहीं.

मग खालीं येणारी वस्तु वर कशी चढते? ज्यांनीं मोट चालतांना पाहिली आहे, त्यांस हें समजण्यास कठीण नाहीं. मोटेंतल्या पाण्यांत बेडूक असला, तर तो खालीं बुडी मारीत असतांनाही मोटेबरोबर वर येतो व अखेर थारोळ्यांत पडतो; कारण त्याच्या उतरण्यापेक्षां मोटेचें चढणें अधिक वेगाचें असतें. ग्लायडर मिनिटाला साठ मीटर उतरत असेल आणि भोंवतालची हवा मिनिटाला शंभर मीटर चढत असेल, तर ग्लायडर चाळीस मीटर वर जातें.

अशी चढती हवा मुख्यतः दोन ठिकाणीं सांपडते. वारा डोंगराच्या अंगावर आदळला कीं त्यास वर जाण्यावांचून गति नसते. पावसाळ्यांत नाणेघाटाच्या कड्यावरून पडणारें पाणी उलटें वर उडतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस या वाऱ्याचें बळ निराळें सांगावयास नको. दुसरें ठिकाण म्हणजे तापलेली उघडी जमीन. नांगरलेलें शेत, खडकाळ माळ, गांवचीं छपरें हीं भोंवतालच्या हिरव्या जागेपेक्षां लवकर तापतात, आणि तेथील ऊन हवा थव्याथव्यानें वर उठते. आपली घार जीवर फेऱ्या घेते, ती हीच हवा.

आतां त्या मुलांविषयीं. जर्मनींत डार्मस्टाट नांवाचें शहर आहे. तेथील कांहीं शाळकरी मुलांनीं १९०९ सालीं एक उड्डाणमंडळ काढलें. त्याच वर्षीं ब्लेरिओ या फ्रेंच गृहस्थानें विमानानें इंग्लिश खाडी ओलांडली होती, व डार्मस्टाटच्या शेजारीं फ्रँकफुर्ट येथें आकाशयानांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. मुलांपाशीं इंजिन घेण्यापुरता पैसा नव्हता. लांकूड, तार व कापड एवढीच त्यांची सामग्री. ओटो लिलियेन्थाल यानें १८९१ पासून पुढें पांच-सहा वर्षें असल्याच सामग्रीनें बर्लिनच्या आसपास सुमारें दोन हजार वेळां घसरत उड्डाण केलें होतें, हें त्यांस ठाऊक होतें. त्याचा शेवट कसा झाला, हेंही ठाऊक होतें. १८९६ च्या ऑगस्टमध्यें वाऱ्याच्या एका झोतानें त्याचें यंत्र उभें केलें. तो सुमारें पंधरा मीटरांवरून पडला व दुसऱ्या दिवशीं वारला.

लिलियेन्थाल यंत्राखालीं हातांवर लोंबकळत असे, व अंग इकडे तिकडे झोंकून तें वळवीत असे. जें वळविण्यास अंगाचें वजन पुरत नाहीं, तें पडतें. या एका दोषापायीं तो गेला असें आम्हांस वाटतें. पण त्याची एक गोष्ट फार घेण्यासारखी आहे. त्यानें आपल्या सरावासाठीं बर्लिनजवळ मातीची एक गोल टेकडी मुद्दाम उभारली होती. ती चोहोंकडून सारखी उतरती होती, म्हणजे वारा कोठूनही आला तरी त्यास सामोरें होऊन धांवतां येई, आणि घसरतांना जमीन पायांपासून फार दूर राहत नसे. टाकीच्या कठड्याखालीं असा उतार नसतो.

डार्मस्टाटच्या मुलांनींही अशा उताराचा शोध केला. १९११ च्या सुमारास त्यांस र्‍होन पर्वतांतील वासरकुप्पे नांवाची टेकडी सांपडली. तिची उंची ९५० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानहून कांहीं अधिक. माथा गोल, गवताळ व झाडांवांचून मोकळा. मुलें सुटींत पायथ्याच्या गेर्सफेल्ड गांवाकडून वर चढत व माथ्यावर मुक्काम करीत. सामान वर नेणें हेंच उड्डाणाहून मोठें काम. १९१२ च्या जुलैंत त्यांच्यापैकीं हान्स गुटरमूट यानें एका उड्डाणांत ८३८ मीटर अंतर कापलें, व त्यास १ मिनिट ५२ सेकंद लागले. त्या ग्लायडराच्या नांवापुढें दहाचा आंकडा होता. विक्रम म्हणून त्या उड्डाणाची नोंद ग्रंथांतून आढळते. आम्हांस त्या दहाच्या आंकड्याचें अधिक महत्त्व वाटतें.

या वेगाचा हिशेब मुलांनीं वहींत करून पाहावा. तो ताशीं सुमारें सत्तावीस किलोमीटर येतो, म्हणजे जोरानें हांकलेल्या सायकलीएवढा. सामोऱ्या वाऱ्यामुळें हवेंतील वेग याहून अधिक असे, पण जमिनीच्या हिशेबानें तो एवढाच. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नोंदविली पाहिजे. अमेरिकेंत ऑर्व्हिल राइट यानें १९११ सालींच ग्लायडरांत ९ मिनिटें ४५ सेकंद काढले होते. तो वाळूच्या टेकाडावर सामोऱ्या वाऱ्यांत जवळजवळ एकाच जागीं तरंगत राहिला होता.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें व वासरकुप्पेचा माथा ओस पडला. या मुलांच्या वयाची पिढीच्या पिढी रणांगणावर गेली. युद्धानंतर तहाच्या अटींनीं जर्मनांच्या विमानविद्येवर कडक बंधनें घातलीं; बिनइंजिनाचें विमान मात्र त्या कचाट्यांतून सुटलें. ओस्कार उर्सिनुस या संपादकानें आपल्या नियतकालिकांतून हांक दिली, आणि १९२० च्या उन्हाळ्यांत देशभरचे तरुण आपापलीं घरगुती यंत्रें घेऊन त्याच टेकडीवर गोळा झाले. पैसा थोडा, अन्न बेताचें, पाऊस फार.

ऑगस्टमध्यें ओयगेन फॉन लोएस्ल या तरुणाच्या यंत्राची शेपटीकडील आडवी पट्टी उड्डाणांत निकामी झाली व तो पडून मरण पावला. मेळा मोडून घरीं जावें काय, हा प्रश्न त्या रात्रीं तंबूंत निघाला नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. मेळा मोडला नाहीं. सप्टेंबरच्या आरंभीं आखेन येथील वोल्फगांग क्लेम्पेरर याचें काळ्या रंगाचें ग्लायडर उशिरानें येऊन पोहोंचलें. त्यानें १८३० मीटर अंतर २ मिनिटें २२ सेकंदांत कापून बक्षीस मिळविलें. मृत्यु घडला तरी उडत राहिले यांत शौर्य होतें कीं हट्ट, याविषयीं मतभेद होऊं शकेल. आमचें मत असें कीं, लोएस्लची पट्टी कां तुटली याची ज्यांनीं चौकशी केली असेल, त्यांसच पुन्हां उडण्याचा अधिकार होता.

क्लेम्पेररनें आणखी एक गोष्ट रूढ केली, ती रबरी दोराची. पूर्वीं उडणारा स्वतः उताराखालीं धांवे. आतां ग्लायडर टेकडीच्या कडेवर वाऱ्याकडे तोंड करून ठेवीत. त्याच्या नाकाखालील आंकड्यांत जाड रबरी दोराचा मध्य अडकवीत, व दोराचीं दोन टोंकें घेऊन चार-चार जण दोहों बाजूंस फांकून उभे राहत. दोघे-तिघे शेपूट घट्ट धरून बसत. मग तीन हुकूम सुटत: ताणा, धांवा, सोडा. पहिल्या हुकुमास दोर ताणीत चालावयाचें, दुसऱ्यास जीव खाऊन उतार धरावयाचा, आणि तिसरा कानीं पडतांच शेपटीवाल्यांनीं हात काढावयाचे. गोफणींतल्या दगडाप्रमाणें ग्लायडर पुढें झेंप घेई, व दोर आंकड्यांतून आपोआप गळून पडे. एका उड्डाणास दहा-बारा जणांची मेहनत लागे. मिनिटभरानें यंत्र दरींत उतरलें कीं तेंच सगळे खालीं धांवत, व खांदा देऊन तें पुन्हां माथ्यावर आणीत. दुपार गेली तरी पुष्कळांची पाळी येत नसे. दोर ओढल्यावांचून व यंत्र वाहिल्यावांचून बसावयास मिळत नाहीं, ही रीत ग्लायडरच्या मंडळांतून पुढेंही राहिली.

यानंतरचे टप्पे भराभर आले. १९२२ च्या ऑगस्टांत हानोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या 'वाम्पिर' नांवाच्या ग्लायडरांतून मार्टेन्स यानें १ तास ६ मिनिटें, व थोड्याच दिवसांनीं हेन्ट्झेन यानें तीन तासांहून अधिक काळ त्याच टेकडीच्या वाऱ्यावर काढला. दहा वर्षांपूर्वींचे ११२ सेकंद कोठें आणि हे तीन तास कोठें! १९२६ सालीं माक्स केगेल यास वादळी ढगानें ओढून घेतलें, व तो ५५ किलोमीटर दूर जाऊन सुखरूप उतरला. त्याची इच्छा नव्हती. पण टेकडी सोडूनही उडतां येतें, हें त्यामुळें लोकांस कळलें. पुढें चढती व उतरती हवा दाखविणारें व्हेरिओमीटर नांवाचें यंत्र ग्लायडरांत बसूं लागलें, आणि घार जें अंगानें जाणते तें माणसास कांट्यावर वाचतां येऊं लागलें.

पालकांस एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. १९३३ नंतर जर्मनींतील नव्या राजवटीनें हीं मंडळें आपल्या हातीं घेतलीं, व मुलांचा हा छंद लष्करी तयारीस जुंपला. दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांनीं तेथें ग्लायडर उडविण्यासच बंदी केली; ती १९५१ सालीं उठली. डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठांत १९२० पासून चालत आलेल्या विद्यार्थ्यांच्या उड्डाणमंडळानें त्यानंतर पुन्हां ग्लायडरें बांधावयास घेतलीं.

मोठ्या विक्रमांची हकीकत थोडक्यांत देतों. २००३ सालीं क्लाउस ओल्मान यानें दक्षिण अमेरिकेंत अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर ३००० किलोमीटरांहून अधिक मजल एका दिवसांत मारली. २०१८ सालीं त्याच खंडांत 'पर्लान' नांवाचें ग्लायडर ७६,००० फुटांवर गेलें. आमच्या दृष्टीनें याहून लहान आंकडे अधिक उपयोगी आहेत. पूर्वींच्या मंडळांतून नवशिक्यास प्रथम तीस सेकंदांचें सरळ घसरणें साधावें लागे. मग मिनिटभराचें वळणाचें, मग सुटलेल्या उंचीच्या वर पांच मिनिटें राहणें. प्रत्येक पायरीस निळ्या बिल्ल्यावर एकेक पांढरा समुद्रपक्षी वाढे. तीन पक्षी झाल्यावर रुपेरी बिल्ल्याची गोष्ट: पांच तास, एक हजार मीटर चढ व पन्नास किलोमीटर अंतर. आपल्याकडे पुण्याजवळ हडपसर येथें ग्लायडिंगचें सरकारी केंद्र निघालें, तेथें रबरी दोराऐवजीं विंचवर तारेचा दोर गुंडाळून ग्लायडर वर खेंचीत, आणि नवशिक्याच्या मागें शिक्षक बसलेला असे.

आमच्या विद्यार्थ्याच्या हाताचें प्लास्टर जूनमध्यें निघालें. ते ताडपत्रीचे पंख आम्हीं विज्ञानाच्या खोलींत टांगून ठेविले आहेत, कारण त्यांस शेपूटच नाहीं हें दाखविण्यास याहून चांगला नमुना मिळणार नाहीं. तो मुलगा व त्याचा मित्र आतां हलक्या लांकडाचीं हातभर पंखांचीं ग्लायडरें करून व्हरांड्याच्या पायरीवरून सोडतात. वहींत चार रकाने आहेत: यंत्राचा क्रमांक, वाऱ्याची दिशा, अंतर, व मोडलें असल्यास काय मोडलें. सध्यां सहावें ग्लायडर चाललें आहे. त्याची सर्वांत लांब मजल तेवीस मीटरांची. ती शनिवारीं सायंकाळीं मुलाच्या वडिलांनीं स्वतः फीत धरून मोजली.